मुक्या हंगामातल्या दीर्घिका

नाशिकला द्वारकेच्या चौकात द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या, की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. कालही गेला. शाळेतून परतताना उड्डाणपुलाच्या सावलीत एका गाडीवर हिरव्या घडांचा ढीग रचलेला दिसला. गाडीवाला "गोड है मॅडम, खा के देखो" म्हणत एक मणी पुढे करत होता. मी तो तोंडात टाकला. थंडगार, सालीला जाड, आत अजून किंचित आंबट. हंगाम नुकता सुरू झाल्याची चव. "अर्धा किलो द्या," मी म्हटलं, तेव्हा माझा आवाज ऐकून त्यानं चमकून वर पाहिलं आणि लगेच नजर तागडीकडे वळवली. लोकांचं हे चमकणं आता अंगवळणी पडलंय. पण ती आंबट चव जिभेवर रेंगाळली आणि मला घेऊन गेली त्या हंगामात, ज्या हंगामात मी बोलले नव्हते.

मी मराठी शिकवते. मोठे वर्ग, वर पत्रे, खिडकीबाहेर हॉर्न वाजवणारा रस्ता. अशा खोलीत शेवटच्या बाकापर्यंत कविता पोहोचवायची तर आवाज कसदार लागतो, आणि माझा होता. स्नेहसंमेलनात माइक बंद पडला की सगळे माझ्याकडे बघायचे. त्या वर्षी दिवाळीनंतर हा आवाज बसला. आल्याचा रस झाला, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. उठेना. शेवटी डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून मला माझाच गळा पडद्यावर दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि एकीवर तांदळाच्या कणीएवढी गाठ. ती काढली. तपासणीत काही वाईट निघालं नाही. पण नंतर डॉक्टर म्हणाले, "आता बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

मी ओठांपुढे तळहाताचा आडोसा करून विचारलं, कुजबुज?

"कुजबुज तर मुळीच नाही. त्यानं उलट जास्त ताण पडतो."

किती दिवस, असं मी बोटांनी विचारलं.

"बघू. मधेमधे तपासत राहू. पण द्राक्षं संपेपर्यंत शाळा नाही असंच धरून चाला." नाशिकचे डॉक्टर ते, त्यांचं कॅलेंडरही द्राक्षांचं.

मी एकटी राहते. आई-वडील गेले, भाऊ ठाण्याला. लग्न करायचं राहून गेलं, आणि पुढे ते राहून गेलंय असं म्हणायचंही लोकांच्या लक्षात राहिलं नाही. एकटेपणाची मला धास्ती नव्हती. दिवसभर शाळेत इतकं बोलणं व्हायचं, की घरी आल्यावर ही शांतता मी आवडीनं अंगावर घ्यायचे, उन्हातून आल्यावर पंख्याखाली बसावं तशी. पण बोलून दमल्यावरची शांतता वेगळी असते. सकाळी उठल्यापासून नुसतीच शांतता असेल तर ती घरातल्या प्रत्येक भांड्यात साचते. मी कपबशी विसळायचे आणि त्या आवाजानं दचकायचे.

न बोलणाऱ्या माणसाला लोक बहिरं समजतात, हे मला तेव्हा कळलं. खालच्या मजल्यावरच्या साळवे काकू जिन्यात उभ्या राहून ओरडायच्या, "मॅडऽम, उद्या पाणी येणाऽर नाही!" आणि वर हवेत नळ फिरवून दाखवायच्या.

काका आतून म्हणायचे, "अगं, त्यांना ऐकू येतं."

"मला काय ठाऊक नाही का? पण समोरचं माणूस बोलेना की माझाच आवाज वाढतो, त्याला मी काय करू?"

रविवारी सकाळी मी आमच्या कॉलनीतल्या विहारात जायचे. सगळे एका सुरात वंदना म्हणत. लहानपणापासून ते शब्द माझ्या छातीतून निघत आलेले, आणि आता मी ओठ मिटून हात जोडून बसलेली. आवाज माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत जायचा आणि मी मधल्या दगडासारखी कोरडी. दोन-तीन रविवारांनंतर मी जाणं सोडलं. भावाचा सुरुवातीला रोज फोन यायचा. मग तो म्हणाला, "ताई, तू नुसती ऐकतेस, मी एकटाच किती बोलू? मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं." तेव्हापासून मेसेज यायला लागले. कशी आहेस. बरी आहे. जेवलीस का. हो.

आमच्या शाळेतले देवरे सर विज्ञान शिकवतात. एका दुपारी ते भावाच्या दिंडोरीच्या मळ्यातली द्राक्षं घेऊन आले. खुर्चीच्या टोकावर बसले, इकडचं तिकडचं बोलले, दहावीच्या सराव परीक्षेत कोणी काय दिवे लावले ते सांगितलं. मग बोलणं संपलं. ते भिंतीकडे बघू लागले, मी द्राक्षांकडे. अवघडून त्यांनी खिशातला मोबाइल काढला.

"मॅडम, तुमच्याकडे सध्या वेळ आहे ना? मग एक काम करा. यात बोलावं लागत नाही. नुसतं बघायचं."

मोठमोठ्या दुर्बिणी आकाशाचे इतके फोटो काढतात, की ते सगळे बघायला जगातले खगोलशास्त्रज्ञ पुरत नाहीत. त्या फोटोंत असंख्य दीर्घिका असतात. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची अफाट वस्ती. तिच्या आकारावरून तिचं वय, तिच्यावर आलेले प्रसंग, तिच्यात अजून तारे जन्मतात की नाही, असं बरंच काही कळतं. म्हणून एका संकेतस्थळावर सामान्य माणसांना हे फोटो दाखवतात आणि विचारतात, हिचा आकार कसा दिसतो? शिक्षक, गृहिणी, निवृत्त कारकून, कोणीही सांगावं. एकच दीर्घिका अनेकांना दाखवतात आणि सगळ्यांची मतं एकत्र करतात.

"आणि चूक झाली तर?" मी कागदावर लिहिलं.

"चूक-बरोबर कोणी सांगतच नाही," देवरे सर म्हणाले. "त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून तर आपल्याला विचारतात."

सर गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर एक धूसर, पिवळसर ठिपका आला. पाण्यात पिठाचं बोट बुडवावं तसा. खाली प्रश्न: ही गुळगुळीत आहे, की हिला तबकडी आहे? मी बराच वेळ विचार केला आणि गुळगुळीत म्हटलं. लगेच दुसरी आली. ही कडेनं दिसणारी, भाकरी आडवी धरल्यासारखी, मधे फुगलेली. तिसरी निळसर, दोन भुजा असलेली, अंगणात कोणीतरी घाईनं काढलेल्या रांगोळीसारखी. सर्पिल भुजा किती? घट्ट वळलेल्या की सैल? मधोमध पट्टा आहे का? काही वेगळं दिसतं का? एकेका प्रश्नावर बोट ठेवत मी पुढे जात राहिले. मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं.

दर वर्षी याच दिवसांत माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असायचे. शेजारी आदर्श उत्तरं. त्यात बसलं तर गुण, नाही बसलं तर लाल रेघ. इथं आदर्श उत्तर कोणाकडेच नव्हतं. आधी ते मला फार खुपलं. बरोबर आलं की नाही हे कोणी सांगावं म्हणून मी पडद्याकडे बघत राहायचे आणि पडदा काही न बोलता पुढची दीर्घिका आणून ठेवायचा. मग हळूहळू त्यातच बरं वाटायला लागलं. दुपारभर मी आकाश बघायचे. खाली द्वारकेला ट्रकांचे हॉर्न, क्रेट चढवणाऱ्या हमालांच्या आरोळ्या, आणि इथं माझ्यापुढे अशी जागा जिथून कसलाही आवाज कधीच पोहोचणार नाही.

त्या संकेतस्थळावर मराठीतून लिहिणाऱ्यांचा एक छोटासा कट्टा होता. काही शंका आली, काही विशेष दिसलं की तिथं फोटो टाकायचा. अधूनमधून पुण्याच्या एका संस्थेतली ऋतुजा नावाची तरुण संशोधक तिथं यायची आणि उत्तरं द्यायची. या कट्ट्यावर एक बाई नेमानं लिहायच्या. नावाच्या जागी नुसतं 'सुमन, पेठ'. त्यांची मराठी तोंडानं बोलल्यासारखी असायची. "ही बघा, मधमाशीच्या पोळ्यावाणी दिसते." "हिची एक भुजा तुटून गेली वाटतं, बिचारी." मी एकदा लिहिलं, "तुम्ही कुठल्या पेठेत राहता? सदाशिव की नारायण?"

उत्तर आलं, "नुसती पेठ, बाई. पुण्याची नाय, आपली नाशिकची. घाट चढून या."

मी घरात एकटी, आवाज न करता हसले. गळा नुसताच हलला.

सुमनताई गावित पेठ तालुक्यात आरोग्यसेविका होत्या. आयुष्य पाड्यापाड्यांवर बाळंतपणं करण्यात गेलं. यजमान गेले, मुलगा वलसाडला कारखान्यात. "नोकरी होती तवर दारावर थाप पडायची," त्यांनी एकदा लिहिलं. "आता कोणी बोलवत नाय. हे एक बरंय. रोज कोणीतरी विचारतं, बाई, तुम्हाला काय वाटतं?"

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी शाळेत वर्षानुवर्षं मुलांना प्रश्न विचारत आले, पण मला स्वतःला काय वाटतं हे शेवटचं कोणी विचारलं होतं ते आठवेना.

आम्ही रोज लिहू लागलो. मी माझ्या गळ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मधाचं चाटण घेऊ नका, डॉक्टर सांगतील तेच करा. मी नर्स आहे म्हणून सांगते." त्यांच्या घरात नेटवर्क नव्हतं. त्या ओट्याच्या एका ठरावीक कोपऱ्यात जाऊन बसत, आणि वारा आला की रेंज जाते असं त्यांचं ठाम मत होतं. मी त्यांना खिडकीतून दिसणाऱ्या द्राक्षांच्या टेम्पोंचं वर्णन लिहायचे. त्या उलट विचारायच्या, "आज किती बघितल्या? डोळे दुखतील हं."

मग ती जोडी आली. एका फोटोत दोन दीर्घिका, एकीची कड दुसरीवर चढलेली. पुढची निळसर, भुजा पसरलेली. मागची पिवळी, शांत. सुमनताईंनी लिहिलं, "ह्या दोघी एकमेकींत शिरायला लागल्यात. मधे बघा, दुधाची धार लागलीय." मला ती धार दिसेना. दोन दीर्घिका जवळ आल्या तर एकमेकींना ओढतात, भुजा वाकड्या होतात, शेपट्या निघतात. इथं दोन्ही आपापल्या जागी सरळ होत्या. मी लिहिलं, "मला नाही वाटत. एक पुढे आहे, दुसरी पार मागे. आपल्या नजरेच्या एका रेषेत आल्यात एवढंच."

"इतक्या जवळ दिसतात आणि एकमेकींना ठाऊक नाय?"

"तसंच दिसतंय."

"तुम्ही लय कठोर आहात बाई."

कट्ट्यावरची माणसं दोन्ही बाजूंना वाटली गेली. वाद गोडीचाच होता, पण मी इरेला पेटले. मला हरायचं नव्हतं. ऋतुजा म्हणाली, नुसत्या फोटोवरून हे ठरवता येणार नाही. दोघींचा प्रकाश वेगवेगळा मोजला तर कोण किती दूर ते कळेल. मतं अशी फुटलेली असली की आम्ही ती जोडी मोजायच्या रांगेत घालतो. आमच्या गटाला दुर्बिणीवर वेळ मिळालाय, बघते जमतं का.

काही आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढची जितकी दूर, मागची तिच्या कितीतरी पट दूर. मी जिंकले होते. लगेच सुमनताईंना लिहिलं, "बघा, म्हटलं नव्हतं?"

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. त्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका पेटेनासा झाला. आमच्याकडे एकमेकींचे फोन नंबर नव्हते. मला फोनचा उपयोगच नव्हता, तर मागणार कशाला?

त्याच सुमारास डॉक्टरांनी गळा तपासला आणि म्हणाले, "छान भरलंय. आता थोडं थोडं बोला. म्हणा बघू, आऽ."

जो आवाज निघाला तो माझा नव्हता. फरशीवरून लोखंडी कपाट सरकवावं तसा काहीतरी. मी थांबले. "घाबरू नका," ते म्हणाले, "सुधारेल. पूर्वीसारखा होईलच असं नाही, पण काम भागेल." घरी येऊन मी दार लावलं. बोलायची परवानगी मिळाली होती, आणि बोलायला कोणी नव्हतं. परवानगी नसताना हे इतकं जाणवलं नव्हतं. तेव्हा निदान एक कारण होतं.

संध्याकाळी धीर करून देवरे सरांना फोन लावला. त्यांनी नाव न बघताच उचलला असावा. "सर, मी बोलतेय," म्हटलं.

"कोण? कोण बोलतंय? राँग नंबर लागला असेल, भाऊ," ते म्हणाले आणि ठेवून दिला.

त्यांचा काय दोष? पण त्यानंतर किती तरी दिवस मी कोणाशीच बोलले नाही. साळवे काकू खाणाखुणा करायच्या आणि मी मान डोलवायचे. मुकी राहणंच सोपं वाटू लागलं होतं. दीर्घिका बघायला बसले तरी मन लागेना. कट्ट्यावर जायचे, त्या नावापुढचा विझलेला ठिपका बघायचे आणि माझंच शेवटचं वाक्य वाचायचे. बघा, म्हटलं नव्हतं? एका सकाळी मी पिशवीत पाण्याची बाटली आणि द्राक्षं भरली आणि पेठच्या बसमध्ये जाऊन बसले.

फाल्गुन होता. शहर मागे पडलं, द्राक्षांचे मळे मागे पडले आणि घाट सुरू झाला. वळणावळणावर उघडेबोडके डोंगर, उतारावर भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन, गाडीच्या खिडकीतून येणारा तो ओला-जळका वास. बसमधली माणसं एकमेकांशी मोठ्यानं बोलत होती, निम्मं मला कळत नव्हतं. मी मनातल्या मनात वाक्य घोकत होते. गावित नर्सबाई कुठे राहतात? वर्गात पहिल्यांदा उभी राहणारी मुलगी घोकते तसं.

पेठला उतरले. नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड घेऊन बसलेल्या एका बाईंना मी विचारलं. आवाज तसाच निघाला, खरखरीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "नर्सबाय? त्या काय, पाण्याच्या टाकीमागं. पर त्या आता बाहेर नाय पडत. डोळ्याचं झालंय त्यांचं."

कोणी दचकलं नाही. कोणी अरेरे म्हटलं नाही. त्यांच्या लेखी हाच माझा आवाज होता, जन्मापासूनचा असावा तसा. मी आणखी दोघांना विचारलं. टाकी समोर दिसत होती तरी विचारलं.

सुमनताई ओट्यावर बसल्या होत्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. "कोण आलंय?"

"मी. नाशिकची. कठोर बाई."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारची कोंबडी पळाली. "अगं बाय! बोलतेस की तू!" त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या हाताचा अंदाज घेत मला बाजूला बसवलं.

शिबिरात त्यांचा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. दुसरा अजून तसाच. मोबाइल बघायचा नाही अशी ताकीद होती. हे सगळं सांगून झाल्यावर त्या चष्म्याआडून समोर कुठंतरी बघत म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, बाई, दोन्ही डोळे कधीचे पिकलेत, तुम्हाला कळलं कसं नाय? मला काय कळणार? हळूहळूच झालं असणार ना. मला वाटायचं दिवसच धुरकट असतात." मग आवाज खाली आणून, "म्हणजे ती दुधाची धार माझ्या डोळ्यात होती. मला सगळंच एकमेकांत मिसळलेलं दिसत होतं. आणि मी किती दीर्घिका बघितल्या गं. सगळ्या नासल्या असतील. म्हणून मग लिहिलं नाय. कोणत्या तोंडानं लिहू?"

मी म्हटलं, "ताई, एकीला कितीतरी जण बघतात. एकाची चूक झाली तरी बाकीच्यांच्या मतांत ती बुडून जाते. काही नासत नाही."

"हां," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी नसते तरी चाललं असतं."

हे मी कित्येक दुपारी स्वतःलाही विचारलं होतं, नीट शब्दांत नाही, पण विचारलं होतं. शाळेत माझ्या वर्गावर दुसऱ्या बाई गेल्या होत्या आणि धडे पुढे सरकले होते. वंदना माझ्याविना होत होती. ओट्यासमोर ऊन तापलं होतं. कोणाच्या तरी घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. माझा गळा दुखायला लागला होता, दिवसभराचं बोलणं सकाळीच संपलं होतं. तरी मी बोलले.

"त्या जोडीचं पुढे काय झालं ते तुम्ही वाचलंच नाहीत. सगळ्यांनी माझ्यासारखंच म्हटलं असतं तर कोणी दुर्बीण तिकडे वळवलीच नसती. मतं फुटली म्हणून मोजली. ती तुमच्यामुळे फुटली."

"चुकून."

"चुकून. पण ऋतुजा काय म्हणते ठाऊक आहे? अशी एकामागे एक आलेली जोडी फार कामाची असते. मागचीचा प्रकाश पुढचीतून गाळून येतो, त्यात पुढचीच्या अंगातली धूळ दिसते. एरवी ती धूळ दिसतच नाही. आता ती त्या धुळीवरच काम करणार आहे."

सुमनताईंनी ओट्यावर हात फिरवत माझा गुडघा शोधला. मग म्हणाल्या, "मोबाइल आणलायस? लाव बरं ते. मला बघायचं नाय, तू बघ. आणि मला सांग."

ओट्याच्या त्या कोपऱ्यात मी सरकून बसले. वारा नव्हता, रेंज होती. पहिली दीर्घिका आली. "तबकडी आहे," मी सांगू लागले. "आपल्याकडे थोडी कललेली. मधे पिवळा फुगवटा, अंड्याच्या बलकासारखा. त्यातून दोन भुजा निघतात. एक ठसठशीत आहे. दुसरी निघते आणि अर्ध्यात विरून जाते."

"विरते, की पुढं बारीक होत जाते?"

मी पडदा डोळ्यांजवळ नेला. "बारीक होत जाते. बरोबर. टोकाला निळे ठिपके आहेत."

"मग दोन लाव. बाळ लहान असलं तरी मोजायचं असतं."

एकामागून एक आम्ही दीर्घिका बघत राहिलो. मत एकच गेलं, माझ्या नावावर. मी शब्द शोधत होते, थांबत होते, पाणी पीत होते. खरखरीत, तुटक बोलत होते. इतकी वर्षं मी आवाज लांबवर फेकायला शिकले होते. इथं समोरचं माणूस हातभर अंतरावर, डोळे झाकून, माझ्या एकेका शब्दातून आकाश बघत होतं. अधूनमधून त्या म्हणायच्या, "थांब, घाई करू नको, मला दिसू दे."

मग नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण झालं. मी नेलेली द्राक्षं त्यांनी बोटांनी चाचपून, एकेक मणी निवडून खाल्ली.

आता मी पुन्हा शिकवते. गळ्यात छोटा माइक अडकवते, कमरेला स्पीकर. मुलांनी मागे माझं काहीतरी नाव ठेवलंय, ते मला अजून कळलेलं नाही. त्या संकेतस्थळावरही बदल झालेत. आमच्या सगळ्यांच्या मतांवरून संगणक शिकला. सोप्या दीर्घिका तो स्वतःच ओळखतो, आणि ज्यांच्यापुढे तो अडखळतो त्या तेवढ्या आम्हाला दाखवतो. कट्टा ओस पडत चाललाय. सुमनताईंचा दुसरा डोळाही झाला. नंतर मुलगा त्यांना वलसाडला घेऊन गेला. तिथं घराबाहेर ओटा नाही, नातवंडांचा गलका आहे, आणि त्या क्वचितच लिहितात. लिहितात तेव्हा एखादीच ओळ असते. मी फोन केला की, "बोल, बोल, मी ऐकते," म्हणतात आणि मागून कोणीतरी त्यांना हाक मारतं. देवरे सरांची बदली झाली. साळवे काकू अजूनही जिन्यात ओरडूनच बोलतात. काल आणलेली द्राक्षं मी धुऊन भांड्यात ठेवली आहेत. एकट्या माणसाला अर्धा किलोही संपत नाही.

त्या दिवशी पेठहून निघताना सुमनताई हट्टानं स्टँडवर आल्या होत्या. माझा दंड धरून, पायानं वाट चाचपत. मी नको म्हणत होते, त्या ऐकत नव्हत्या. "आयुष्यभर मीच दुसऱ्यांच्या दारात गेले. माझ्याकडे कोणीतरी आलंय, तर पोचवायला नको?" स्टँडवर गाड्या शेजारी शेजारी लागल्या होत्या, नाशिकची आणि हरसूलची. कंडक्टरनं घाई केली. मी चढले, खिडकीपाशी बसले आणि हात बाहेर काढला.

खाली सुमनताई काळा चष्मा सावरत उभ्या होत्या. त्यांनी हात उंच केला आणि हलवू लागल्या. हरसूलच्या गाडीकडे बघून.

"ताई, इकडे!" मी म्हटलं. नुसती हवा निघाली. दिवसभराच्या बोलण्यानं आवाज पार फाटला होता, आणि दोन्ही गाड्यांची इंजिनं सुरू झाली होती. मी पुन्हा हाक मारली. ती माझ्या मलाच ऐकू आली नाही. सुमनताई हसत होत्या, पदर सावरत, टाचा उंचावून, पूर्ण हातानं निरोप देत होत्या. हरसूलच्या गाडीत खिडकीशी एक अनोळखी बाई बसली होती, मांडीवर बोचकं घेऊन. तिनं आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणासाठी आहे का म्हणून. मागे कोणी नव्हतं. मग तिनं हळूच खिडकीतून हात बाहेर काढला, आणि आमची गाडी वळेपर्यंत ती सुमनताईंना हात करत राहिली.